समोर बसलेला माणूस: नारायणगावच्या राहुट्या आणि तमाशाचा प्रेक्षक (दीर्घ धागा)

रंगभूमीचा इतिहास आपण नटांचा लिहितो, लेखकांचा लिहितो, कंपनीच्या मालकांचा लिहितो. समोर बसलेल्या माणसाला काय वाटले, तो कशाने हसला, कशाने उठून गेला, पुढच्या वर्षी त्याच खेळाला पुन्हा का आला, याची नोंद सहसा कुणी ठेवत नाही. आजचा धागा या समोरच्या माणसाविषयी आहे. स्थळ आहे पुणे जिल्ह्याचा उत्तर भाग, म्हणजे जुन्नर आणि आंबेगाव तालुके. आणि खेळ आहे गाणे, नाच, संवाद व कथानक यांनी बांधलेला, गावोगाव फिरणारा मराठी मातीचा जुना संगीत खेळ: तमाशा.

आधी शब्दाकडे पाहू. ‘तमाशा’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याचा अर्थ पाहणे, देखावा, पाहण्याजोगी गोष्ट. म्हणजे या कलाप्रकाराचे नावच मुळी करणाऱ्याच्या बाजूने पडलेले नाही. ते पाहणाऱ्याच्या बाजूने पडलेले आहे. कीर्तन करणाऱ्याचे असते, पोवाडा गाणाऱ्याचा असतो, तमाशा मात्र पाहणाऱ्याचा असतो. तरीही त्या पाहणाऱ्याचा इतिहास मिळत नाही, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

तुलनेसाठी संगीत नाटकाचे उदाहरण घ्या. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा प्रयोग झाला. तिथून पुढच्या अर्धशतकात संगीत नाटकाच्या प्रेक्षकाने आपल्या आवडीनिवडीचे ढीगभर कागद मागे ठेवले. वर्तमानपत्रांतली परीक्षणे आहेत, संपादकांना लिहिलेली पत्रे आहेत, आत्मचरित्रे आहेत. कोणत्या पदाला किती वेळा ‘वन्स मोअर’ मिळाला याच्या आठवणी आहेत. कारण उघड आहे. तो प्रेक्षक लिहिणारा होता. तमाशाचा प्रेक्षक बहुतांशी लिहिणारा नव्हता. वास्तविक कथानक असलेला तमाशा, ज्याला आपण ‘वग’ म्हणतो, तो ‘शाकुंतल’च्याही आधीचा. सावळजच्या उमा-बाबूंचा ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग मानला जातो आणि त्याचा काळ १८६५ च्या सुमाराचा सांगतात. त्या वगाला समोर बसलेल्या माणसांनी काय म्हटले, हे सांगणारा कागद शोधू गेल्यास हात रिकामे राहतात.

मग या माणसापर्यंत पोहोचायचे कसे? माझ्या मते त्याची वाट नारायणगावातून जाते.

नारायणगाव हे जुन्नर तालुक्यातले, मीना नदीकाठचे, पुणे-नाशिक रस्त्यावरचे बाजाराचे गाव. आज बाहेरच्यांना ते टोमॅटोच्या बाजारासाठी, द्राक्षबागांसाठी आणि जवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीसाठी ठाऊक असते. महाराष्ट्रातल्या खेडोपाड्यांत मात्र त्याची ओळख ‘तमाशा पंढरी’ अशी आहे. दरवर्षी गुढीपाडव्याच्या आधी काही आठवडे इथे फडमालकांच्या राहुट्या लागतात. राहुटी म्हणजे त्या फडाचे तात्पुरते कार्यालय. पुढे फडाच्या नावाचा फलक, आत एक-दोन खुर्च्या, बैठक, तारखांची वही आणि फडाचा मालक किंवा व्यवस्थापक. पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), नाशिक आणि त्यापलीकडच्या गावांतले यात्रा कमिटीचे लोक इथे येतात, एका राहुटीतून दुसऱ्या राहुटीत जातात, चहा घेतात, भाव करतात आणि आपल्या गावच्या यात्रेच्या रात्रीसाठी फड ठरवतात. या ठरावाला ‘सुपारी’ म्हणतात. सुपारी ठरली की इसार दिला जातो, वहीत तारीख चढते. सांगली जिल्ह्यात विटा येथेही असाच बाजार भरतो. पण उत्तर पुणे आणि नगर-नाशिक पट्ट्याचे केंद्र नारायणगावच.

या सुपारीच्या वहीला मी तमाशा-रसिकाचे परीक्षण म्हणेन. शहरातला रसिक दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात लिहितो. गावाचे परीक्षण वर्षभर मुरते आणि पुढल्या पाडव्याला राहुटीत बोलले जाते. गेल्या वर्षी ज्याने रात्र रंगवली त्याच्या राहुटीपुढे लोक थांबतात. ज्याने अर्ध्या रात्रीत खेळ गुंडाळला त्याच्या राहुटीवरून न बोलता पुढे जातात. एखाद्या फडात नवा सोंगाड्या आला आहे, एखाद्या गायिकेचा आवाज बसला आहे, कुणाची ढोलकी यंदा दुसऱ्याच फडात गेली आहे, ही सारी माहिती कमिटीच्या लोकांना असते. यातले कुणी नाट्यशास्त्र वाचलेले नसते. तरी निवड करताना जो कस लावला जातो तो नाट्यसमीक्षकाच्या कसापेक्षा हलका नसतो, कारण पैसा गावाच्या वर्गणीचा असतो आणि रात्र फसली तर शिव्या कमिटीला बसणार असतात.

भाव कसा ठरतो, हे तर फारच मनोरंजक आहे. नुसती फडाची कीर्ती पुरत नाही, तिथी लागते. खंडोबाच्या यात्रा पौष-माघात येतात: आंबेगाव तालुक्यात नागापूरजवळच्या थापलिंगाची पौष पौर्णिमेला, धामणीची माघ पौर्णिमेला. ग्रामदैवतांच्या यात्रांची खरी गर्दी मात्र चैत्रात. चैत्र पौर्णिमा आणि त्यानंतरची वद्य अष्टमी, म्हणजे काळाष्टमी, या रात्री असंख्य गावांची यात्रा एकाच वेळी असते. फड मोजके, गावे अनेक. त्यामुळे त्याच फडाची काळाष्टमीची सुपारी आणि चार दिवसांनंतरची सुपारी यांत मोठे अंतर पडते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मागणी-पुरवठा समजून घ्यायला नारायणगावच्या राहुट्यांत एक दिवस बसावे. पंचांग आणि बाजार इतके घट्ट बांधलेले दुसरीकडे क्वचितच दिसतात.

नारायणगावच का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर भूगोलात आहे आणि एका घराण्यातही आहे.

भूगोल असा की जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर, संगमनेर, अकोले या तालुक्यांच्या मधोमध हे गाव आहे आणि पुण्याहून नाशिकला जाणारा रस्ता त्याच्यातून जातो. या रस्त्याची परंपराही पाहण्यासारखी आहे. शाहीर अनंत फंदी संगमनेरचे, परशराम सिन्नरचे. पठ्ठे बापूरावांच्या फडाची विख्यात पवळा संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची. दुसरी एक गोष्ट सहसा कुणी लक्षात घेत नाही: जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत आजही रेल्वे नाही. संगीत नाटक कंपन्यांचा संसार पडदे, कपडेपट, पेट्या आणि माणसे असा अवजड असे आणि त्यांचे दौरे मुख्यतः रुळांच्या आधाराने, थिएटर असलेल्या शहरांतून होत. तमाशाला सुरुवातीला ना पडदा लागत होता ना थिएटर. एक ढोलकी, एक तुणतुणे, झांज, कडे, चार-सहा माणसे आणि मशालीचा उजेड एवढ्यावर खेळ उभा राही. बैलगाडी जिथवर जाते तिथवर तमाशा जात होता. म्हणून ज्या मुलखात बालगंधर्वांचे नाव लोक नुसते ऐकून होते, त्या मुलखात संगीताने भारलेली रात्र लोकांना तमाशानेच दिली.

घराणे भाऊ-बापूंचे. ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने हा फड महाराष्ट्रभर गाजला. फडाची सुरुवात त्यांचे वडील नारायण खुडे यांनी केली. या घराण्याचे मूळ गाव शिरूर तालुक्यातले कवठे येमाई. पण नाव जोडले गेले ते नारायणगावाशी. भाऊंची मुलगी विठाबाई. जन्म १९३५ चा, तोही पंढरपूरचा, आणि म्हणून विठ्ठलाच्या नावावरून विठा. पंढरपुरात जन्मलेल्या विठाच्या गावाला पुढे तमाशाची पंढरी म्हणावे, हा योगायोग कुणी जुळवून आणलेला नाही, पण लोकांना तो आवडतो आणि मलाही.

फडाच्या नावातल्या ‘मांग’ या शब्दाजवळ थोडे थांबू या. तरुण वाचकांना तो फलकावर पाहून धक्का बसेल. तमाशा करणारे कलावंत बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतले. पाहणारे गाव सगळ्या जातींचे. दिवसा ज्यांना त्या गावात पाणवठा मोकळा नव्हता, त्यांच्याच गळ्यातले गाणे ऐकायला रात्री तेच गाव जमत होते. जात फलकावर उघड लिहिलेली होती आणि कलेला कीर्तीही त्याच नावाने मिळत होती. प्रेक्षकाच्या मनात ही दोन टोके एकत्र कशी नांदत होती, याचा विचार केल्याशिवाय त्याच्या आवडीला ‘रसिकता’ असे गोंडस नाव देणे मला अपुरे वाटते.

हा प्रश्न त्या काळातल्या सुधारकांनीही विचारला होता. पठ्ठे बापूराव हे जन्माने ब्राह्मण, मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ते पवळाबरोबर फडात उभे राहिले आणि त्यांनी अफाट लोकप्रियता मिळवली. त्यांनी महाडच्या सत्याग्रहासाठी आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ केले तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ते नाकारले, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. आमच्या स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा आम्हाला नको, असा त्या नकाराचा आशय. आंबेडकरही एका अर्थाने प्रेक्षकांकडेच पाहत होते. मंचावर काय चालले आहे यापेक्षा खालून कोण, कोणत्या नजरेने पाहत आहे, हा त्यांचा मुद्दा होता. याच सुमारास आंबेडकरी जलसे उभे राहिले. त्याआधी सत्यशोधक जलसे होतेच. जुन्नर तालुक्यातले ओतूर हे तर १८८० च्या दशकात ब्राह्मण पुरोहिताविना लावलेल्या लग्नांसाठी आणि त्यावरून झालेल्या दाव्यांसाठी सत्यशोधक इतिहासात नोंदलेले गाव आहे. जलशांनी तमाशाची चाल घेतली, ढोलकी घेतली, प्रश्नोत्तरे घेतली आणि स्त्रीचे नाचणे वगळले. म्हणजे प्रेक्षक तोच ठेवायचा आणि त्याची नजर बदलायची, असा तो प्रयत्न होता.

अलीकडे इतिहासकार शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर विस्तृत ग्रंथ लिहिला. ‘अश्लील’, ‘अस्सल’ आणि ‘माणुसकी’ हे तीन शब्द त्यांच्या मांडणीच्या मध्याशी आहेत. त्यांना २०२४ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली तेव्हा अनेक मराठी तरुणांनी तमाशाकडे इतिहासाचा विषय म्हणून प्रथमच पाहिले. उशिरा का होईना, पाहिले.

सरकारही एक प्रेक्षकच. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई प्रांताच्या बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तमाशा अश्लील ठरवून त्यावर बंदी आणली. शेकडो कुटुंबांची चूल त्यावर होती. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली, बंदी उठली आणि त्याबरोबर संहिता आधी तपासून घेण्याची अट आली. ज्या खेळाचा अर्धा जीव सोंगाड्याच्या ऐनवेळच्या बोलण्यात आहे त्याची संहिता आधी तपासायची, हा प्रकार ढोलकीच्या थापेला परवाना देण्यासारखाच होता. याच काळात अण्णा भाऊ साठे यांनी रूढ केलेला ‘लोकनाट्य’ हा शब्द फडांना उपयोगी पडला. आज कुठल्याही फडाच्या फलकावर ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी दिसतात. पहिला शब्द सरकारसाठी, दुसरा गावासाठी, असे मला तो फलक वाचताना नेहमी वाटते.

आता यात्रेच्या रात्रीकडे वळू. जुन्नर-आंबेगावातल्या गावाची यात्रेची पत्रिका हातात घ्या. पहाटे अभिषेक, मग मांडव डहाळे, हारतुरे, दिवसभर घाटात बैलगाडा शर्यती, रात्री पालखी आणि छबिना, त्यानंतर ‘करमणुकीचा कार्यक्रम’. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा. करमणुकीच्या ओळीत फडाचे नाव ठळक छापलेले असते. गावातली म्हातारी माणसे वर्षे मोजतात तीसुद्धा या ओळीने: अमक्या साली अमका फड आला होता. बैलगाडा शर्यती २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबल्या आणि २०२१ च्या डिसेंबरात सशर्त पुन्हा सुरू झाल्या. मधल्या सात वर्षांत या पत्रिकेतला दिवस रिकामा झाला होता आणि रात्रीवरच यात्रेचा सारा भार आला होता.

या गर्दीतला मोठा भाग मुंबईकरांचा. या दोन तालुक्यांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत गिरण्यांत, गोदीत, भाजी बाजारात, माथाडी कामात राबली. यात्रेला ती गावी येत आणि वर्गणीतला त्यांचा वाटाही मोठा असे. मुंबईतही त्यांना तमाशा मिळत होता: पिला हाऊसच्या परिसरात, लालबागच्या हनुमान थिएटरात. त्यामुळे यात्रेतला हा पाहुणा प्रेक्षक तुलना करू शकणारा होता. लालबागेत ऐकलेली लावणी गावच्या माळावर कशी झाली, हे त्याला सांगता येई. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला, पुढे गिरण्यांची धुराडी थंडावली आणि त्यासोबत तमाशाचा एक चोखंदळ, पगारदार रसिकही ओसरला. गिरणी संपाच्या इतिहासात हे नुकसान कुठे मोजलेले दिसत नाही.

रात्री दहाच्या पुढे ढोलकी आणि हलगीची जुगलबंदी सुरू होते. ती जितकी संगीत असते तितकीच हाकही असते. वाडीवस्तीवरचा माणूस ती ऐकून घोंगडी काखेत मारून निघतो. मग गण, म्हणजे गणपतीचे आवाहन. मग गौळण: मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण, पेंद्या, आणि पुरुषानेच वठवलेली मावशी. देवाच्या नावाने सुरू झालेला खेळ इथे हळूच गावात उतरतो. मावशी ज्या पाटलाची थट्टा करते तो पाटील पुढच्या रांगेत बसलेला असतो. सोंगाड्याने दिवसा पारावर बसून गावातल्या चार खबरी गोळा केलेल्या असतात आणि रात्री त्या बतावणीत नेमक्या जागी पडतात. ज्याचे नाव येते तो लाजतो, रागावतो, पण न आल्यास त्याला अधिक वाईट वाटते. त्यानंतर रंगबाजीतल्या लावण्या आणि शेवटी पहाटेपर्यंत वग.

हा प्रेक्षक गप्प बसत नाही, हे शहरी नाट्यरसिकाला खटकते. शिट्टी, फेटा उडवणे, फर्माईश, बक्षिसाची रक्कम आणि देणाऱ्याचे नाव मंचावरून पुकारले जाणे, हे सारे त्या खेळाचेच भाग आहेत. मात्र यात दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि त्या वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. ढोलकीवाल्याने समेवर नेमकी थाप दिली की उठणारी दाद एक, आणि नाचणाऱ्या बाईच्या अंगावर भिरकावलेला शब्द दुसरा. मंचावरच्या स्त्रीला हा फरक पहिल्या क्षणाला कळतो. तिच्या उपजीविकेसाठी दोन्हींना एकाच हास्याने उत्तर द्यावे लागते, ही त्या कामाची किंमत. गावातल्या स्त्रिया बहुधा कडेला, ओट्यावर, माळवदावर बसून हा खेळ पाहत. तिकिटाच्या तंबूत तर त्यांची संख्या नगण्यच असे. त्यांना काय वाटत होते, हे विचारायला कुणी गेले नाही. शाहिरीची, वगांची, फडांची संशोधने झाली. ओट्यावरच्या बाईचे मत अजून बाकी आहे. तुमच्यापैकी कुणाची आजी या दोन तालुक्यांतली असेल तर हे काम तुम्हाला उद्याच सुरू करता येईल.

प्रेक्षक आणि कलावंत यांच्या नात्याची सर्वांत प्रसिद्ध कथा विठाबाईंचीच आहे. नऊ महिन्यांची गरोदर असताना त्या मंचावर उभ्या होत्या. नाचता नाचता कळा सुरू झाल्या. त्या पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा मंचावर आल्या. मघाशी दिसणारे पोट आता नाही, हे ध्यानात आल्यावर समोरचे लोक स्तब्ध झाले. त्यांनी हात जोडले आणि बाई, आता विश्रांती घ्या, असे विनवले.

ही कथा निष्ठेची म्हणून सांगितली जाते. शाळांत, भाषणांत, पुरस्कारांच्या समारंभात. ती तशी आहेच. पण प्रेक्षकाच्या बाजूने पुन्हा वाचून पाहा. नऊ महिने भरलेली बाई नाचत आहे, हे त्या रात्री सुरुवातीपासून सगळ्यांना दिसत होते. खेळ थांबवा, असे तेव्हा कुणी म्हटले नाही. सुपारी दिलेली होती, तिकिटे काढलेली होती, तारीख ठरलेली होती. हात जोडले गेले ते नंतर. मला या प्रेक्षकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे नाही; ते त्यांच्या काळाची माणसे होती आणि शेवटी खेळ थांबवण्याएवढी माणुसकी त्यांनी दाखवली. परंतु कथेतली खरी ठिणगी त्या दोन क्षणांमधल्या अंतरात आहे. मंचावरची बाई ‘विठा’ असताना तिचे शरीर कुणाला दिसले नाही आणि ती ‘आई’ झाल्याबरोबर सगळ्यांना दिसले.

विठाबाईंच्या कलेला राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. चीनच्या युद्धाच्या काळात त्या सीमेवरच्या जवानांसमोर खेळ करून आल्या. शेवटची वर्षे मात्र हलाखीची गेली आणि औषधोपचारांचा खर्च देणग्यांतून भागवावा लागला. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. पुढे राज्य शासनाने त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा करून तो नामवंत केला.

दरम्यान प्रेक्षकही बदलत गेला होता. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात अडीच वर्षे चालला. १९७२ चा ‘पिंजरा’ घराघरांत पोहोचला. ज्या मध्यमवर्गाने तंबूत पाऊल ठेवले नसते त्याने पडद्यावर तमाशा डोळे भरून पाहिला. १९६५ मध्ये वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ आले आणि दादा कोंडक्यांनी तमाशाचा सोंगाड्या थिएटरात नेला. आता उलटा प्रवाह सुरू झाला. गावचा प्रेक्षक चित्रपट पाहून आला आणि तमाशात तीच गाणी मागू लागला. ढोलकीशेजारी ड्रमसेट आला, मशालींची जागा आधी गॅसबत्तीने आणि पुढे जनरेटरवरच्या रंगीत दिव्यांनी घेतली, चार-सहा माणसांचा फड शंभराच्या घरात गेला, बैलगाडीऐवजी मालमोटारींचा ताफा आला. वगाचा वेळ आक्रसला. काळू-बाळूंच्या ‘जहरी प्याला’साठी किंवा दादू इंदुरीकरांच्या ‘गाढवाचं लग्न’साठी जागणारा माणूस पहाटेपर्यंत बसत होता, आताची गर्दी गाणी संपली की पांगते. जुने कलावंत याबद्दल प्रेक्षकाला दोष देतात. तो पूर्ण न्याय्य नाही. पहाटे चारला संपणारा वग दुसऱ्या दिवशी ज्याला काम नव्हते अशा चैत्रातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा होता. कुकडीचे कालवे आले, उन्हाळ्यातही शेतात पाणी आणि टोमॅटो आले, तेव्हा त्या शेतकऱ्याची रात्रही लहान झाली. वगाच्या ऱ्हासाचे एक कारण मी धरणांत शोधतो. कुणाला हे विचित्र वाटले तर वाटो.

आणि मग २०२० चा पाडवा आला. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस तोच. वर्षभराच्या कमाईचा हंगाम जिथून सुरू होतो नेमक्या त्या दिवशी रस्ते बंद झाले. चैत्राच्या यात्रा रद्द, पौर्णिमा रद्द, काळाष्टमी रद्द. दिलेल्या इसाराचे काय करायचे, हा वाद गावोगाव. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला होता आणि त्याच संध्याकाळी राज्यात पुन्हा कडक निर्बंध जाहीर झाले. मे २०२१ मध्ये ज्येष्ठ तमाशा कलावंत कांताबाई सातारकर करोनाने गेल्या. वाद्ये गुंडाळून ठेवून कलावंत शेतमजुरीला गेले, भाजी विकू लागले. या दोन वर्षांत नाटकाच्या आणि चित्रपटाच्या प्रेक्षकाला घरबसल्या पडदा मिळाला. यात्रेच्या प्रेक्षकाला मिळाला तो मोबाइलवरचा लावणीचा तुकडा, तीन मिनिटांचा, ज्यात गण नाही, गौळण नाही, आणि ज्यात सोंगाड्या आपल्या गावच्या पाटलाचे नाव घेणार नाही.

राज्यातले निर्बंध उठले ते १ एप्रिल २०२२ पासून. दुसऱ्याच दिवशी पाडवा होता. यात्रा कमिट्यांना पुन्हा मांडवाची, छबिन्याची आणि फडाची जुळवाजुळव करायची होती. काळाष्टमी बरोबर तीन आठवड्यांवर आली होती.